शिळा ऊस आणि किडका दात



या पानावर आम्ही बेणे, लागण, खोडव्याची निगा, तोडणीचा कार्यक्रम असल्याच गोष्टी लिहीत असतो. या खेपेस विषय दातांचा आहे. शेती खात्याच्या माणसाने दातांच्या कामात लुडबुड कशाला करावी, असे कोणी म्हणेल. म्हणोत. दाताला कीड लागते ती, आणि तोडून फडात पडलेल्या उसाचा उतारा घसरतो तो, या दोन गोष्टी एकाच घरच्या आहेत. त्यातली दुसरी तुम्हांला पाठ आहे. तेव्हा पहिली समजावून द्यायला फार सायास पडू नयेत.

निमित्त झाले नागपूरच्या सहलीचे. कृषी प्रदर्शन पाहण्यासाठी गटातले अठरा सभासद घेऊन आम्ही गेलो होतो. उतरायची सोय पूर्व नागपुरात, लकडगंजात झाली. नावाप्रमाणे ही लाकडाची पेठ. आरा मशिनी, वखारी, सागाच्या थप्प्या आणि हवेत भुशाचा वास. जवळच इतवारीचा घाऊक बाजार, शेजारी बगडगंज आणि लहान कारखान्यांची वसाहत. दिवसभर हमाल, गाडीवाले, व्यापारी यांची ये-जा. आणि खाण्याचे म्हणाल तर विचारूच नका. सकाळी तर्री पोहे, दुपारी आलूबोंडा नाहीतर मुंगवडा, संध्याकाळी समोसा-कचोरी, आणि घरी न्यायला संत्रा बर्फी अन् सोनपापडी. बिकानेरच्या हल्दीराम मंडळींनी १९७० साली नागपुरात कारखाना घातला, आणि पुढे शेव-भुजियाची पाकिटे देशभर व परदेशातही गेली. नागपूर आता संत्र्याइतकेच फरसाणाचेही गाव आहे, असे म्हटले तरी वावगे होणार नाही.

दुसऱ्या रात्री आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या सभासदांचा दात ठणकू लागला. गाल धरून बसले. कोणी लवंग दिली, कोणी तंबाखूची चिमूट धरायला सांगितली. सकाळी गाल सुजलेला. वस्तीतच एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, तिथे घेऊन गेलो. बाई मोठ्या शांत स्वभावाच्या. त्यांनी तोंड तपासले आणि विचारले, "आबा, गोड किती खाता?"

आबा म्हणाले, "गोड? नावच नको. दिवाळीला एक लाडू. आम्ही तिखटाचे माणूस."

"बरं, मग कालपासून तोंडात काय काय गेलं, ते वेळेसकट सांगा."

आबा सांगत गेले, आम्ही बोटे मोजत गेलो. पहाटेचा चहा, त्याबरोबर दोन बिस्किटे. पोहे, पुन्हा चहा. प्रदर्शनात फिरताना खिशातला चिवडा, तो एकदा बसून खाल्लेला नव्हे, तासभर चिमूट-चिमूट. उसाचा रस. समोसा, चहा. गाडीत बडीशेपेच्या साखरी गोळ्या. रात्री जेवण, आणि जेवणानंतर गप्पांत शेवेचे पाकीट. मोजदाद चौदावर गेली. बाई म्हणाल्या, "आबा, तुम्ही गोड कमी खाता हे खरं. पण तुमच्या तोंडाला काल एक तासाची सुट्टी मिळाली नाही."

आमच्या डोक्यात तिथेच उजेड पडला. हा हिशेब किलोचा नाही, वेळेचा आहे. आणि वेळेचा हिशेब आपल्या कारखान्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

ऊस तोडला की तो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, म्हणून आम्ही तुमच्या मागे लकडा लावतो. का? तोडलेल्या उसाच्या कापावर अतिसूक्ष्म जंतू बसतात. त्यांना ल्युकोनोस्टॉक म्हणतात. ते साखर खातात, तिचे आम्ल करतात, आणि शिवाय तिच्यापासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत चिकट पदार्थ बनवतात. जळीत ऊस असला तर हे आणखी झपाट्याने होते. उतारा खाली येतो, रस गाळला जात नाही, साखरेचा दाणा धड बसत नाही. मिलवर दर पाळीला गरम पाणी आणि वाफ मारतात ती याच जंतूंसाठी. ज्यांनी न धुतलेल्या मिलखाली हात घातला आहे, त्यांना तो बुळबुळीत थर ठाऊक आहे.

आता सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवून पाहा. तोच थर. जंतू दुसरा, नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स, पण कारभार तोच. साखर मिळाली की तिचे आम्ल करायचे आणि तिच्याचपासून चिकट थर बनवून दाताला चिकटून बसायचे. साखर जितक्या वेळा येईल तितक्या वेळा आम्ल. थर चिकट असल्याने चूळ भरून तो निघत नाही, घासावाच लागतो.

कारखान्यात मिश्र रसाचा सामू पाच ते साडेपाचच्या आसपास असतो. तसाच ठेवला तर साखर फुटते, म्हणून आपण चुन्याचे दूध घालून तो सातापर्यंत आणतो. माती परीक्षणाच्या कागदावर हा सामू तुम्ही वाचलेलाच आहे. दाताचे वरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बनलेले असते. तोंडाचा सामू सुमारे साडेपाचाच्या खाली गेला की हे कवच विरघळू लागते. गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की काही मिनिटांतच सामू खाली येतो. मग लाळ कामाला लागते. लाळ म्हणजे आपल्या तोंडातले चुन्याचे दूधच. ती आम्ल मारते आणि विरघळलेला कॅल्शियम पुन्हा कवचात बसवते. पण त्यासाठी तिला अर्धा ते एक तास निवांत लागतो. त्या तासात पुन्हा बिस्कीट आले की काम पहिल्यापासून सुरू. (हे वाचून कोणी पानाला जादा चुना लावू नये. त्याने तोंड भाजते, दात सुधारत नाही.)

झोपेत लाळ अगदी कमी सुटते. म्हणून रात्रीच्या जेवणानंतरचे खाणे, मग ते शेव असो की दूध-साखर, दिवसाच्या खाण्याहून जास्त नडते. पहाटेपर्यंत उसाची मोळी फडातच पडल्यासारखे ते आहे.

दाताची 'कीड' हा शब्द आपल्याला फसवतो. खोडकिडा, हुमणी, लोकरी मावा या किडी आम्ही हातात धरून दाखवू शकतो. दातात अळी नसते. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर तोंडात घेतात आणि वाटीत पडलेली 'कीड' दाखवतात, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. पडते ते दातातले काही नव्हे. धुराच्या उबेने ठणका घटकाभर कमी वाटतो, भोक मात्र वाढत राहते.

आबांचा मुद्दा राहिला. ते म्हणाले, "पण बाई, चिवडा-शेव गोड कुठं असते?" पुष्कळांचा समज असाच असतो. पोहे, मैदा, बेसन, बटाटा यांत पिष्ट असते. लाळेतला एक रस पिष्टाची साखर करतो. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोड लागतो, तो याचमुळे. तळलेल्या, कुरकुरीत पदार्थाचा चावून लगदा होतो आणि तो दाढांच्या खाचांत बसतो. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत लोकांना विचारले होते की दाताला जास्त काय चिकटते. लोकांचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसला नाही. चिकट वाटणारी कॅरमल लाळेत विरघळून लवकर निघून गेली, आणि बिस्किटे व बटाट्याचे वेफर्स मात्र दातांत रेंगाळले. हाताला चिकटते ते दातालाही चिकटते, असा आपला हिशेब असतो. तो इथे चुकतो.

याचा अर्थ टॉफी निर्दोष असा नव्हे. स्वीडनमधल्या लुंड शहरी व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४५ पासून काही वर्षे मतिमंद रुग्णांवर एक प्रयोग झाला. कोणाला साखर जेवणाबरोबर दिली, कोणाला मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफ्या जेवणाच्या मधल्या वेळी, एका गटाला तर दिवसाला चोवीस. १९५४ साली अहवाल आला. जेवणाबरोबर बरीच साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळी टॉफी चघळणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा माणसांचे दात जाणूनबुजून बिघडवले, म्हणून या प्रयोगाला पुढे फार नावे ठेवली गेली, आणि ती रास्तच होती. पण त्या बिचाऱ्यांनी किंमत मोजून दिलेली माहिती अजून खरी आहे.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. परतीच्या गाडीत एका तरुण सभासदाने आम्हांला छेडले, "साहेब, साखर कारखान्याचा पगार घेता आणि साखरेला नावं ठेवता?" नावे ठेवत नाही. सणाचा लाडू, पुरणपोळी, जेवणातले श्रीखंड यांनी कोणाचे दात पडत नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सांगितले की, वरून घातलेली साखर, गूळ, मध, रस हे सगळे मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत राहावे. मोठ्या माणसाला हे साधारण पन्नास ग्रॅम होतात. पाच टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले. दोन चमच्यांचा चहा सहा वेळा घेणाऱ्याने हा आकडा चहातच गाठला. सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते ती हक्काची आहे. तिचा चहा चार वेळचा दोन वेळा झाला तर कारखान्याचे काही बिघडणार नाही, तुमच्या दाढांचे पुष्कळ वाचेल. गुळाचा चहा केला म्हणजे सुटलो, असेही नाही. गुळातही मुख्यतः साखरच असते. जंतूंना रंगाशी देणेघेणे नाही. चिक्की, तिळगूळ, रेवडी यांचेही तेच.

ऊस चावून खाण्याबद्दल नेहमी विचारतात. उसाचा चोथा दातांचा दर्शनी भाग घासतो हे खरे. पण रसात शंभराला दहा-पंधरा भाग साखर असते आणि ती दोन दातांच्या फटीत जाते, चोथा तिथे पोहोचत नाही. ऊस जेवणानंतर खावा, पाण्याने खळखळून चूळ भरावी, आणि दिवसभर कांडे चघळत फिरू नये. रसवंतीचा लिंबू पिळलेला रस आम्लही असतो. त्यावर लगेच ब्रश करू नये, अर्धा तास जाऊ द्यावा; मऊ पडलेले कवच घासून जाते.

आता हिरड्या. दातांइतके लक्ष त्यांच्याकडे कोणी देत नाही, कारण हिरडी फारशी दुखत नाही. चण्याचे टरफल, लाहीचा पापुद्रा, शेवेचा टोकदार तुकडा दात आणि हिरडीच्या मध्ये शिरतो आणि राहतो. जुना थर तसाच राहिला की त्याचे कीटण होते. ते दगडासारखे घट्ट असते, ब्रशाने निघत नाही. हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. आपली माणसे रक्त आले की घासायचे सोडतात, आणि घोटाळा तिथेच होतो. रक्त येते ते थर साचल्यामुळे, म्हणून तिथे मऊ ब्रशाने हलक्या हाताने पण रोज घासले पाहिजे. आठवडा-दोन आठवड्यांत थांबले नाही तर डॉक्टरांकडून कीटण काढून घ्यावे. त्याने दात हलू लागतात ही भीती खोटी आहे. हलणारा दात कीटणाच्या आधाराने उभा असतो, एवढेच ते उघडे पडते. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्या जपाव्यात. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की रक्तातली साखर ताब्यात राहत नाही.

आमच्या भागातल्या मायभगिनी दातांना मिश्री लावतात. दात दुखला म्हणून सुरुवात होते, आणि भाजलेल्या तंबाखूची सवय जडते. बधिर झाल्यामुळे दुखणे कळत नाही आणि हिरडी आतून खंगत जाते. नागपूरकडे हीच जागा खर्‍याने घेतली आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतात. लकडगंजातल्या टपरीवर एका हमालदादाला पोह्यांवरची तर्री नको म्हणताना पाहिले. टपरीवाला म्हणाला, "काहून भाऊ, रोज तर दोनदा घेत होते!" तो म्हणाला, "झोंबते ना भाऊ आताशा." आम्हांला ते सहज बोलणे वाटले. डॉक्टरीणबाईंना सांगितले तर त्या गंभीर झाल्या. मिरचीने दात किडत नाहीत, हिरड्याही बिघडत नाहीत. पण नेहमीचे तिखट एकाएकी सोसेनासे झाले, गालाच्या आतली कातडी पांढुरकी आणि ताठ झाली, तोंडात आपलीच तीन बोटे उभी जाईनात, तर ती सुपारीने होणाऱ्या आजाराची खूण असते. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण हाताने घोटलेल्या पुडीची सवय सुटली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या टपरीवर मुद्दाम गेलो. हमालदादा भेटला. सरकारी दंत रुग्णालयात जाण्याविषयी सांगितले. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासूनचे आहे, तिथे असे रुग्ण नेहमीच येतात. तो "जातो" म्हणाला. गेला की नाही, हे आम्हांला कळलेले नाही.

आबांची दाढ मात्र वाचली नाही. मुळापर्यंत गेली होती, काढावी लागली. शेजारच्या दोन दाढा भरून घेतल्या.

आमचा खरा जीव अडकला आहे तो कोपीवरच्या लेकरांत. पहाटे चार वाजता टोळी फडात जाते. तान्ही मुले पाचटावर झोळीत, जरा मोठी बांधावर. रडू नये म्हणून हातात बिस्किटाचा पुडा, नाहीतर पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट. ते मूल दोन-दोन तास तेच चोखत बसते. त्या आईला दोष देण्याची आमची हिंमत नाही. कोयता हातात असताना ती दुसरे काय करणार? पण स्लिपबॉय आणि चिठ्ठीवाले जाता-येता कौतुकाने जे पाकीट देतात, आणि सभासद बंधू फडावर टोळी आली की मुलांना गोळ्या वाटतात, ते तरी आपल्याला बदलता येईल. एक केळे द्यावे, उकडलेले अंडे द्यावे, भाकरी-दूध द्यावे. पाच वर्षांवरच्या मुलाला भाजलेले शेंगदाणे चालतील. त्याहून लहानाच्या घशात ते अडकतात, म्हणून देऊ नयेत. गुळाचे पाणी किंवा साखरेचे दूध बाटलीत घालून बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. पुढचे वरचे चार दात काळे पडून झिजलेली मुले तुम्ही पाहिली असतील, ते बहुधा त्याच बाटलीने.

सरकारची शाळा-अंगणवाडीतली आरोग्य तपासणी दातही पाहते, पण तोडणीच्या महिन्यांत ही मुले आपल्या गावच्या शाळेत नसतात. तळावरची टोळी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत येते. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फिरतीचा दिवस विचारून मुकादमाला आधी कळवले, तर मुले त्या दिवशी तळावर ठेवता येतात. हे काम गट ऑफिसातून होण्यासारखे आहे आणि आमच्या गटात ते आम्ही करणार आहोत.

दुधाचे दात वीस असतात आणि ते पडणारच, म्हणून त्यांची काळजी कशाला, असे घरोघर म्हणतात. दुखऱ्या दाताने मूल जेवत नाही, आणि दुधाचा दात अवेळी गेला की मागचा पक्का दात वाकडा येतो. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ निघते. कोणताही दात न पडता ती येते, त्यामुळे आईबाप तिला दुधाचीच समजतात. ती पक्की असते, जन्मभराची. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, आणि बिस्किटाचा लगदा पहिल्यांदा तिथेच बसतो. आपल्या घरातले मूल सहा-सात वर्षांचे असेल तर आज संध्याकाळी उजेडात त्याचे तोंड उघडून ही दाढ शोधावी. घासताना ब्रश तिथवर पोहोचतो का, ते पाहावे. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पुरे. रात्री झोपताना घासून थुंकावे, पाण्याने फार खळखळून धुऊ नये, म्हणजे औषध दातावर राहते. आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताबरोबर मोठ्या माणसाचा हात हवा.

फरसाण सोडा, असे आम्ही म्हणत नाही, आणि म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. नागपूरहून आम्हीही संत्रा बर्फीचे दोन डबे आणले. जेवणाच्या ताटात एकेक वडी वाढली, डबा झाकून वर ठेवला, आणि मुलांना सांगितले की मधल्या वेळी त्याला हात लावायचा नाही. पहिला डबा चार दिवस पुरला. दुसरा डबा कोणीतरी शनिवारी दुपारी उघडला; चौकशी सुरू आहे.